घरातील शाळा आणि मराठीचे व्याकरण

पहिलीपासून तिसरी भाषा कोणती असावी, या प्रश्नावर २०२५ सालच्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत महाराष्ट्रात जेवढे रण माजले, तेवढे पहिली भाषा कशी शिकवावी या प्रश्नावर गेल्या कित्येक वर्षांत माजलेले नाही. १६ एप्रिलचा शासननिर्णय, १७ जूनची त्याची सुधारित आवृत्ती, २९ जून रोजी दोन्ही मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा, हा सारा घटनाक्रम वाचकांच्या स्मरणात असेल. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्याचाही यथोचित उत्सव झाला. दर्जा आणि अनिवार्यता हे शब्द यात पुष्कळदा ऐकू आले. परंतु आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मराठीचे वाक्य नीट बोलता-लिहिता यावे म्हणून त्याच्या हाती नेमके कोणते पुस्तक द्यायचे, हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही.

हा प्रश्न अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांत विशेष निकडीचा आहे. येथील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांनी आपली मुले इंग्रजी माध्यमाकडे वळवून आता दोन पिढ्या होत आल्या. अलीकडे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारी काही कुटुंबेही येथे आढळतात. त्यांची संख्या थोडी आहे. परंतु मराठीपुरते पाहिले तर इंग्रजी माध्यमातील मुलाची स्थिती त्यांच्याहून फारशी निराळी नाही. शाळेत आठवड्याच्या काही तासिका मराठीला मिळतात. बाकी मराठी जी काय यायची ती घरातूनच. म्हणजे मराठीसाठी घर हीच शाळा झाली आहे. मग या शाळेचा अभ्यासक्रम कोणता?

कायद्याची चौकट

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यात घरी शिकण्याचा स्पष्ट उल्लेख नाही. अशा मुलांपुढे परीक्षेचे मार्ग मात्र आहेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे, पाचवी व आठवीच्या टप्प्यांसाठी राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे, आणि दहावीला बाहेरून बसणाऱ्यांच्या परिचयाचा सतरा नंबरचा अर्ज आहे. राष्ट्रीय संस्थेच्या दहावीला पाच विषयांत किमान एक भाषा पुरते. ती इंग्रजी असली की भागते. महाराष्ट्राने २०२० मध्ये सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला आणि तो मोडणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. पण हा कायदा शाळांसाठी आहे, घरी शिकणाऱ्या मुलासाठी नाही. बोरिवलीत जन्मलेले, मराठी आईबापांचे मूल मराठीची एकही परीक्षा न देता दहावी होऊ शकते.

शाळेत जाणाऱ्यांची कथा फार वेगळी नाही. एप्रिल २०२३ मध्ये शासनाने अन्य मंडळांच्या शाळांतील, २०२२-२३ साली आठवीत असलेल्या तुकडीला सवलत दिली. तिच्यासाठी मराठीला गुणांऐवजी श्रेणी ठेवण्यात आली आणि ती एकूण गुणांत धरायची नाही असे ठरले. महासाथीच्या काळात शिक्षण खंडित झाले होते, हे कारण समजण्यासारखे आहे. तथापि ज्या विषयाचे गुण धरले जात नाहीत त्या विषयावर कोणताही विद्यार्थी वेळ खर्च करीत नाही, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. तेव्हा मराठीचा भार शाळेवरून पुन्हा घरावर येतो.

बाजारात काय मिळते?

घरी शिकवू पाहणारा पालक प्रथम पुस्तकांच्या दुकानात जातो. तेथे मराठी व्याकरणाची पुस्तके भरपूर दिसतात. मो. रा. वाळंबे यांचे ‘सुगम मराठी व्याकरण व लेखन’ हे त्यांतले सर्वांत परिचित. त्याची मांडणी नेटकी आहे आणि वर्णविचारापासून वृत्त-अलंकारांपर्यंत सारे काही त्यात आहे. पण आज ते ज्यांच्या हाती दिसते ते बहुधा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसणारे तरुण असतात. त्याच्या धर्तीवर निघालेल्या इतर मार्गदर्शिका तर उघडउघड त्यांच्यासाठीच आहेत. मागणी असते तेथे पुरवठा जातो. परीक्षार्थीला व्याख्या, प्रकार, अपवाद आणि चार पर्यायांतून एक उत्तर हवे असते; म्हणून पुस्तके तशी होतात. आठ वर्षांच्या मुलाला यातले काहीच नको असते, आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या पुस्तकाला ग्राहक थोडे. ज्या पालकांची पुस्तकांवर खर्च करण्याची ऐपत आहे, ते तो इंग्रजी पुस्तकांवर करतात.

दुसरा पर्याय ‘बालभारती’चा. १९६७ साली स्थापन झालेल्या या संस्थेची पाठ्यपुस्तके स्वस्त आहेत आणि संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांत व्याकरण स्वतंत्र विषय म्हणून येत नाही. पाठाखालच्या स्वाध्यायांतून, शब्दखेळांतून ते थोडेथोडे पेरलेले असते. तत्त्वतः ही दृष्टी योग्य आहे. पण हे पुस्तक वर्गासाठी लिहिलेले आहे; त्याचा उरलेला अर्धा भाग शिक्षकाच्या डोक्यात असतो, असे ते गृहीत धरते. घरी तो शिक्षक नसतो. चौकटीतील प्रश्न का विचारला आहे, मुलाने चुकीचे उत्तर दिले तर पुढे काय करायचे, हे लेखापाल किंवा परिचारिका असलेल्या आईला त्यातून कळत नाही.

तिसरा पर्याय परदेशी घरशिक्षणाच्या पुस्तकांचा; घरी शिकविणारी कुटुंबे इंग्रजीसाठी तीच मागवितात. त्यांतही पंथ आहेत. जेसी वाइझ या अमेरिकन लेखिकेच्या ‘फर्स्ट लँग्वेज लेसन्स’मध्ये पालकाने काय बोलायचे ते शब्दशः लिहून दिलेले असते. सहा-सात वर्षांचे मूल नामाची व्याख्या पाठ म्हणते, कविता पाठ करते, वाक्ये उतरवून काढते, आणि पुढे वाक्याच्या आकृत्या काढते. या आकृत्या रीड आणि केलॉग या दोघा अमेरिकन शिक्षकांनी १८७७ मध्ये रूढ केल्या. याच्या दुसऱ्या टोकाला इंग्लंडच्या शार्लट मेसन यांची परंपरा आहे. १८८६ च्या ‘होम एज्युकेशन’ या ग्रंथात त्यांनी व्याकरण हा अमूर्त विषय असल्याने त्याची घाई करू नये असे प्रतिपादन केले. ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगणे, उतारे उतरवणे आणि श्रुतलेखन यांवर त्यांचा भर होता.

उसने व्याकरण

या परदेशी पुस्तकांचे इंग्रजीपुरते गुणदोष काहीही असोत, त्यांचा आराखडा जसाच्या तसा मराठीला लावता येत नाही. वाक्याच्या आरंभी व विशेषनामाला मोठे अक्षर, ‘ए’ आणि ‘द’ यांचा वापर, एकवचनी कर्त्याच्या क्रियापदाला लागणारा ‘एस’ हे इंग्रजी प्राथमिक व्याकरणाचे पहिले धडे. मराठीत यांतले काहीच नाही. उलट मराठीत जे अवघड आहे त्याचा तेथे मागमूस नसतो.

अर्थात उसनवारीचा हा प्रश्न आजचा नाही. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ लिहिले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. त्याच सुमारास बाळशास्त्री जांभेकरांनी मुलांसाठी ‘बालव्याकरण’ लिहिले. दादोबांवर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी निबंध लिहून कठोर चिकित्सा केली, मोरो केशव दामले यांनी १९११ मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, आणि पुढे अरविंद मंगरूळकर, कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी संस्कृतच्या साच्यात मराठी बसविण्याच्या खटाटोपावर नेमके बोट ठेवले. आठ विभक्त्यांचे कोष्टक हे त्याचे ठळक उदाहरण. ‘स, ला, ते’ हे प्रत्यय द्वितीयेचेही आणि चतुर्थीचेही, असे मुलाने घोकायचे. दोन्हींचे रूप एकच असताना ती दोन का, हे मात्र विचारायचे नाही. विद्वानांचा वाद दीडशे वर्षे चालला. शाळेतील कोष्टक बहुतांशी जागच्या जागी राहिले.

घरच्या अभ्यासाची एक जुनी देशी परंपराही येथे आठवली पाहिजे. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन मराठी घरांतील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. एक लहानसा नियम, त्याखाली मराठीतून इंग्रजीत व इंग्रजीतून मराठीत करावयाची वाक्ये, आणि दर पाठागणिक चढत जाणारी अवघडता, एवढीच तिची रीत. तिच्यात कविता नव्हती, चित्रे नव्हती. पण शिकणाऱ्याला शिक्षकावाचून पुढे जाता येत असे. मराठीसाठी अशी पाठमाला लिहावी असे त्या काळी कोणाला वाटले नाही, कारण मराठी घरात होतीच. आज ती तेवढी राहिलेली नाही. उपनगरातील पुष्कळ मुलांच्या बाबतीत तर्खडकरी पाठमालेची दिशा आता उलटी हवी.

मुलाला खरोखर काय अडते?

मराठीत अडचणीच्या जागा कोणत्या, ते पाहू. पहिली जागा लिंगाची. हिंदीत दोन लिंगे, इंग्रजीत जवळजवळ एकही नाही, मराठीत तीन. ‘माझा पुस्तक’ म्हणणारे मूल आळशी नसते. त्याच्या कानांवर ‘ते पुस्तक’ पुरेसे पडलेले नसते. दुसरी जागा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’, त्याला वगळून ‘आम्ही’, हा मराठीतील सूक्ष्म भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही आणि इंग्रजीच्या ‘वुई’मध्येही नाही. म्हणून ‘आम्ही उद्या सिनेमाला जाऊ या का?’ असे मूल आईलाच विचारते. गमतीची गोष्ट अशी की हा भेद गुजरातीत आहे आणि तमिळमध्येही आहे. गुजरातीत लिंगेही तीनच. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरातील मूल मराठी शिकताना या दोन बाबतींत, हिंदी-इंग्रजीवर वाढलेल्या मराठी मुलापेक्षा पुढे असू शकते. व्याकरणाचे कोणतेही प्रचलित पुस्तक या भांडवलाचा उपयोग करून घेत नाही.

तिसरी जागा सामान्यरूपाची. ‘घोडा’ला प्रत्यय लागताना ‘घोड्याला’ होते, ‘भाऊ’चे ‘भावाला’, ‘पाऊस’चे ‘पावसात’. ‘तो शाळा गेला’ किंवा ‘माझी मदत कर’ अशी वाक्ये उपनगरांत सर्रास ऐकू येतात. त्यांत कुठे प्रत्यय गळालेला असतो, तर कुठे हिंदीची रचना उचललेली असते. चौथी जागा भूतकाळातील क्रियापदाची. ‘मुलीने आंबा खाल्ला’ येथे क्रियापद आंब्याचे ऐकते, मुलीचे नाही. पण ‘तिने धडा वाचला’ म्हणणारी भाषा ‘तिने धडा शिकला’ न म्हणता ‘ती धडा शिकली’ म्हणते. कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांच्या व्याख्या पाठ केल्याने हे येत नाही. अशी वाक्ये शेकड्यांनी ऐकल्याने व बोलल्याने येते, आणि आल्यावर मग व्याख्येने त्याला नाव मिळते.

पाचवी जागा ऱ्हस्व-दीर्घाची. शासनाने १९६२ साली मान्य केलेले चौदा आणि १९७२ साली त्यांत घातलेले चार मिळून लेखनाचे अठरा नियम आहेत. मुलाच्या रोजच्या लेखनात त्यांतले चार-पाचच येतात. अखेरचा इकार-उकार दीर्घ, ही ‘कवी’, ‘गुरू’ची गोष्ट. ‘मूल’, ‘वीट’, ‘फूल’ यांतील दीर्घ अक्षर प्रत्यय लागताना ऱ्हस्व होते, म्हणून ‘मुलाला’, ‘विटेवर’, ‘फुलात’. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र तसेच राहतात, म्हणून ‘शरीरात’. येथे मुलाने विचारावे, की शब्द संस्कृतातला आहे हे ओळखायचे कसे? प्रश्न रास्त आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाकडे त्याचे उत्तर नसते. म्हणून या वयात अपवादांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा श्रुतलेखन आणि कोश पाहण्याची सवय अधिक फलदायी. अरुण फडके यांनी खिशात मावेल असा शुद्धलेखनाचा कोश केला आणि यास्मिन शेख यांनी ‘मराठी शब्दलेखनकोश’ सिद्ध केला, तो या गरजेपोटीच.

व्याकरण हवेच कशाला?

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. व्याकरण शिकविल्याने मुलांचे लेखन सुधारते, याला पुरावा क्षीण आहे. अमेरिकेत ब्रॅडॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये काढलेला निष्कर्ष प्रसिद्धच आहे: औपचारिक व्याकरणाचा लेखनावरील परिणाम नगण्य, किंबहुना लेखनाचा वेळ खाल्ल्यामुळे अपायकारकही. इंग्लंडने २०१३ पासून प्राथमिक शाळेच्या अखेरीस व्याकरणाची परीक्षा सुरू केली. पण तेथे सहा-सात वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्याकरणपाठांनी कथालेखनात लक्षणीय सुधारणा दिसली नाही. २००७ च्या एका अमेरिकन आढाव्यात मात्र दोन-तीन लहान वाक्ये जोडून एक करण्याच्या सरावाचा लाभ स्पष्ट दिसला.

या निष्कर्षांचा अर्थ नीट लावला पाहिजे. ती मुले ज्या भाषेचे व्याकरण शिकत होती, ती भाषा त्यांच्या भोवती दिवसभर बोलली जात होती. त्यांच्या बाबतीत व्याकरणाने नवे काही द्यायचे फारसे उरले नव्हते. मुलुंडच्या सोसायटीत खेळताना हिंदी, शाळेत इंग्रजी आणि घरी अर्धी मराठी बोलणाऱ्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. त्याला व्याख्या नकोत हे खरे. पण ज्या रूपांचा कानाला सराव नाही, ती रूपे कोणीतरी क्रमाने आणि हेतुपूर्वक त्याच्यापुढे आणली पाहिजेत. पूर्वी तिन्हीसांजेला परवचा म्हटली जाई तेव्हा तिच्यात व्याकरण नव्हते. पण रोज एका ठरलेल्या वेळी भाषा मोठ्याने उच्चारण्याची सवय होती. ती सवय गेली आणि तिच्या जागी काही आले नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. व्याकरणाच्या नावाखाली प्रमाणभाषेचा दंडुका घरात शिरेल, ही भीती निराधार नाही. या उपनगरांतील मराठी कुटुंबे कोकण, सातारा, खानदेश अशा भागांतून आली. येथले मूळचे कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन तर गावठाणांत आधीपासून आहेत. आजीची मालवणी ‘माका, तुका’ ही अशुद्ध मराठी नव्हे. तिला तिचा नियम आहे आणि तो ‘मला, तुला’इतकाच काटेकोर आहे. जे पुस्तक मुलाला आजीच्या बोलीची लाज वाटायला लावते, ते व्याकरणाचे पुस्तक नव्हे. उलट ‘माका’ आणि ‘मला’ शेजारी मांडून दोन्हींचा नियम मुलाला शोधायला लावणे, याहून चांगला व्याकरणाचा पहिला धडा शोधून सापडणार नाही.

निवड आणि जबाबदारी

तेव्हा तुलनेचा निष्कर्ष असा निघतो. व्याख्याप्रधान पुस्तके बारा वर्षांच्या पुढे उपयोगी. त्याआधी ती हाती देणे अनाठायी. ‘बालभारती’ची दृष्टी योग्य, पण घरासाठी अपुरी. परदेशी पुस्तकांतील आशय मराठीला गैरलागू. मात्र पालकाने काय बोलावे ते सांगणारा, पंधरा मिनिटांत संपणारा पाठ ही त्यांची रीत उचलण्यासारखी. तर्खडकरांचा चढता क्रम आणि दुहेरी भाषांतर हे आपलेच आहे व इंग्रजीत विचार करणाऱ्या मुलाला ते नेमके उपयोगी पडेल. सहा ते आठ वर्षांपर्यंत केवळ तोंडी: लिंग, वचन, ‘आम्ही-आपण’. आठ ते दहा सामान्यरूप, वाक्ये जोडणे आणि रोज चार ओळींचे श्रुतलेखन. दहा ते बारा या काळात नाम, सर्वनाम, प्रयोग ही नावे, म्हणजे वस्तू हाती आल्यावर तिचे नाव. असा तीन टप्प्यांचा क्रम कोणत्याही शिक्षित घराला पेलण्यासारखा आहे.

परंतु ‘कोणत्याही शिक्षित घराला’ या शब्दांतच खरी अडचण दडलेली आहे. बोरिवलीहून चर्चगेटला रोज लोकलने जाणाऱ्या आईबापांचे दिवसाचे दोन-तीन तास प्रवासातच जातात. त्यांच्या घरी पंधरा मिनिटे ही क्षुल्लक गोष्ट नाही. घाटकोपरच्या डोंगरावरील एका खोलीत राहणाऱ्या, पालिकेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या घरी तर पुस्तकही नाही आणि ते वाचून दाखविणारेही नाही. मराठी घरात शिकावी असे म्हणणे म्हणजे, ज्यांच्या घरी वेळ आणि विद्या आहे त्यांचीच मराठी चांगली राहील असे म्हणणे होय. इंग्रजीच्या बाबतीत ही विषमता आपण पाहिली आहे. मातृभाषेच्या बाबतीतही ती यावी, यासारखा दैवदुर्विलास नाही.

म्हणून हे काम बाजारावर सोडून चालणार नाही. ज्या पुस्तकाला ग्राहक थोडे पण ज्याची समाजाला गरज मोठी, ते सार्वजनिक पैशानेच निघाले पाहिजे. पाठ्यपुस्तके विनामूल्य देणाऱ्या ‘बालभारती’ने घरी व वाचनालयात वापरता येईल अशी, पालकासाठी सूचना असलेली मराठीची चढती पाठमाला काढावी. ती हिंदी, गुजराती घरांतील मुलांनाही डोळ्यांपुढे ठेवून लिहावी. मराठी शाळांचे वर्ग रोडावल्यामुळे ज्यांच्या अनुभवाला आता गिऱ्हाईक नाही असे निवृत्त शिक्षक या उपनगरांत ठिकठिकाणी आहेत. वाचनालयांतून आठवड्याचे दोन तास त्यांच्या हाती द्यावेत. आणि २०२० च्या कायद्याने दिलेले मराठीचे गुण पुन्हा कोणत्याही निमित्ताने श्रेणीत विरघळू देऊ नयेत.

अभिजात दर्जाने भाषेच्या भूतकाळाचा गौरव झाला, तो उचितच होता. तिचा भविष्यकाळ मात्र पुढच्या पिढीतील मूल आपल्या आईला ‘आम्ही जाऊ या’ म्हणते की ‘आपण जाऊ या’ म्हणते, यावर ठरणार आहे. तिसऱ्या भाषेवर खल करणाऱ्या समितीने आणि तिच्या अहवालावर तावातावाने बोलणाऱ्यांनी या पहिल्या भाषेकडे एकदा वळून पाहणे हितावह ठरेल.